म्युनिकला वेळ विकत घेतला, की मित्र विकला?

आधुनिक इतिहास घेऊन एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: एका ग्रंथात ब्रिटिश पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांना भित्रे आणि भाबडे ठरवले आहे, तर दुसऱ्या ग्रंथात सप्टेंबर १९३८च्या म्युनिक करारात चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग हिटलरला देऊन त्यांनीच ब्रिटनला शस्त्रसज्ज होण्यासाठी एक वर्ष मिळवून दिले असे म्हटले आहे. दोन्ही लेखकांकडे पुरावे आहेत. तेव्हा ब्रिटनच्या लांगूलचालनाच्या धोरणावर लघुप्रबंध लिहिताना कोणती बाजू घ्यावी, कशाच्या आधारावर, आणि काम कोणत्या पद्धतीने करावे?

मी पदव्युत्तर वर्गांना दोन महायुद्धांमधला युरोप २७ वर्षे शिकवला, आणि त्या काळात दोनदा लंडनच्या क्यू भागातील राष्ट्रीय अभिलेखागारात बसून १९३०च्या दशकातील ब्रिटिश मंत्रिमंडळाची इतिवृत्ते आणि परराष्ट्र खात्याच्या फायली वाचल्या. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक तुकडीत कोणी ना कोणी विचारत असे. सुरुवातीची काही वर्षे मी विद्यार्थ्याला दोन बाजूंपैकी एक निवडायला मदत करत असे, आणि ते चुकीचे होते असे आज मला वाटते. चेंबरलेन भित्रे होते की दूरदर्शी हा प्रश्न एका माणसाच्या स्वभावाविषयीचा आहे. कागदपत्रे मात्र वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात: अमुक तारखेला ब्रिटनपुढे शत्रू किती होते, तिजोरीत काय होते, सोबत कोण होते, समोरच्याच्या हेतूविषयी कोणती माहिती टेबलावर आली होती, आणि हाताशी असलेला कोणता उपाय कोणीही गंभीरपणे तपासला नाही. हे प्रश्न तारखेनुसार विचारले की दोन्ही ग्रंथांतले पुरावे आपापल्या जागी बसतात आणि मगच निवाडा करता येतो. माझा स्वतःचा निवाडा आहे आणि तो मी लपवणार नाही. पण तो १९३६, १९३८ आणि १९३९ या वर्षांसाठी एकच नाही.

आधी शब्दाविषयी बोलू, कारण मराठीत तिथेच निम्मा निकाल लागून जातो. ‘लांगूलचालन’ म्हणजे शेपूट हलवणे. तो शब्द वापरला की लज्जास्पद वर्तन गृहीत धरले जाते आणि तपासायला काही उरत नाही. ‘अपीझमेंट’ हा इंग्रजी शब्द १९२०च्या दशकात आणि १९३८पर्यंतही प्रतिष्ठित होता. युरोपातली धुमसणारी वैरे शांतवावीत आणि पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर लादलेल्या व्हर्सायच्या तहातल्या ज्या अटी अन्यायाच्या वाटतात त्या वाटाघाटीने सैल कराव्यात, असा त्याचा अर्थ होता, आणि चेंबरलेन स्वतः तो अभिमानाने वापरत. म्हणून लघुप्रबंधात ‘सामोपचाराचे धोरण’ असा शब्द घ्यावा आणि हा सामोपचार लांगूलचालनात कधी उतरला, हा शोधाचा विषय ठेवावा, असे मी सुचवतो. आपल्याकडे साम, दाम, दंड, भेद असे चार उपाय मोजतात. त्यांतला साम चालतो तो मागे दंड उभा असतो म्हणून. ब्रिटनची सारी अडचण या एका वाक्यात सांगता येते: १९१९नंतर त्याने आपला दंड हळूहळू गहाण टाकला होता.

गहाण टाकला हे मी आलंकारिक अर्थाने म्हणत नाही. पहिल्या महायुद्धाच्या कर्जावरचे व्याज १९२०च्या दशकात ब्रिटनच्या केंद्रीय खर्चाचा सुमारे दोन पंचमांश भाग खात असे. ऑगस्ट १९१९मध्ये मंत्रिमंडळाने असे गृहीतक ठरवले की पुढील १० वर्षे साम्राज्याला मोठे युद्ध लढावे लागणार नाही, आणि लष्करी अंदाज त्याच हिशेबाने मांडावेत. १९२८मध्ये, विन्स्टन चर्चिल अर्थमंत्री असताना, ही १० वर्षे रोज नव्याने मोजायची असे ठरले, म्हणजे युद्ध कायमच १० वर्षे दूर राहणार होते. हे गृहीतक मार्च १९३२मध्ये सोडले गेले, तेही आर्थिक स्थिती गंभीर असल्यामुळे लगेच खर्च वाढवता येणार नाही या पुस्तीसह. मधल्या काळात जहाजबांधणीच्या गोद्या बंद पडल्या, तोफा आणि चिलखती पत्रे बनवणारे कुशल कामगार पांगले. पुढे पैसा मंजूर झाला तरी हात आणि यंत्रे लगेच परत मिळाली नाहीत, आणि हे पुष्कळदा विसरले जाते.

१९३१चा सप्टेंबर महिना मी वर्गात नेहमी तारखांनिशी शिकवत असे. १५ तारखेला स्कॉटलंडमधील इन्व्हरगॉर्डन येथे पगारकपातीविरुद्ध नौदलाच्या खलाशांनी काम नाकारले. १८ तारखेच्या रात्री जपानी सैन्याने मांचुरियात मुकडेनजवळ कारवाई सुरू केली. २१ तारखेला ब्रिटनने पौंडाचा सोन्याशी असलेला संबंध तोडला. जपानला रोखण्याची अपेक्षा ज्या देशाकडून केली जात होती त्याचे आरमार आणि त्याचे चलन त्याच आठवड्यात डळमळत होते. जॉन सायमन नोव्हेंबरमध्ये परराष्ट्रमंत्री झाले तेव्हा ही स्थिती त्यांना वारशाने मिळाली होती. त्यांच्या मवाळपणावर टीका करावी, पण ती ही पार्श्वभूमी सांगून करावी.

आता शत्रूंची संख्या. वॉशिंग्टनच्या १९२२च्या नौदल करारात ब्रिटन, अमेरिका आणि जपान यांच्या मोठ्या युद्धनौकांचे प्रमाण ५:५:३ ठरले आणि त्याच सुमारास १९०२पासून चालत आलेली ब्रिटन-जपान मैत्री संपुष्टात आणली गेली. तोवर पूर्वेकडचा समुद्र मित्राच्या भरवशावर सोडता येत होता. यापुढे सिंगापूरला तळ बांधून संकटकाळी युरोपातून आरमार तिकडे पाठवण्याची योजना करावी लागली. १९३५पर्यंत इटली हा भूमध्य समुद्रातला मित्र मानला जाई. १९३६मध्ये तोही हिशेबातून गेला. १९३७च्या अखेरीस तिन्ही सेनाप्रमुखांनी मंत्रिमंडळाला लेखी कळवले की जर्मनी, इटली आणि जपान यांच्याशी एकाच वेळी लढून साम्राज्याचे रक्षण करता येईल असा काळ त्यांना दृष्टिपथात दिसत नाही, आणि म्हणून संभाव्य शत्रूंची संख्या कमी करणारे कोणतेही राजनैतिक पाऊल मोलाचे ठरेल. हा अहवाल वाचल्याखेरीज म्युनिकवर एकही परिच्छेद लिहू नये. त्यानंतर काही महिन्यांतच चेंबरलेन युरोपातल्या एका शत्रूला वाटाघाटीने कमी करायला निघाले, ते या व्यावसायिक सल्ल्याला धरूनच होते.

मित्रांची बाजूही तशीच पोकळ होती. १९२२मध्ये तुर्कस्तानशी चनाक येथे युद्धाचा प्रसंग उभा राहिला तेव्हा पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांच्या सरकारने साम्राज्यातील स्वायत्त देशांकडे सैन्य मागितले, आणि आपली संसद ठरवील असे उत्तर कॅनडाने दिले. सप्टेंबर १९३८मध्येही चेकोस्लोव्हाकियासाठी लढण्याची तयारी कॅनडा आणि दक्षिण आफ्रिका दाखवत नव्हते, ऑस्ट्रेलियाही तडजोडीच्या बाजूने होता. अमेरिकेने १९३४च्या जॉन्सन कायद्याने युद्धकर्ज थकवणाऱ्या देशांना नवे कर्ज देण्याची वाट बंद केली होती, आणि ब्रिटन त्या थकबाकीदारांत होता. फ्रान्सकडे मोठे सैन्य होते, पण त्याची सरकारे काही महिन्यांत बदलत. १९२५च्या लोकार्नो करारात तेव्हाचे परराष्ट्रमंत्री ऑस्टेन चेंबरलेन (नेव्हिल यांचे सावत्र भाऊ) यांनी जर्मनीच्या पश्चिम सीमेची हमी घेतली आणि पूर्व सीमेची जाणूनबुजून घेतली नाही. पोलंडला समुद्रापर्यंत वाट देणाऱ्या पट्ट्यासाठी एकाही ब्रिटिश सैनिकाची हाडे धोक्यात घालणार नाही, अशा आशयाचे त्यांनी लिहून ठेवले आहे. पूर्व युरोप हा आपल्या जबाबदारीचा प्रदेश नाही, ही समजूत त्यामुळे म्युनिकच्या १३ वर्षे आधीपासूनच परराष्ट्र खात्यात मुरलेली होती.

इथपर्यंतचे वाचून तुम्हाला वाटेल की मी चेंबरलेन यांचे वकीलपत्र घेतले आहे. तसे नाही. अडचणी खऱ्या असल्या तरी त्या सगळ्या निर्णयांना सारख्याच लागू पडत नाहीत, आणि १९३५ हे वर्ष त्याचे उत्तम उदाहरण आहे.

एप्रिल १९३५मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि इटली यांनी स्ट्रेसा येथे एकत्र येऊन जर्मनीच्या तहभंगाचा निषेध केला. १८ जूनला ब्रिटनने एकट्याने जर्मनीशी नौदल करार केला: जर्मन आरमार ब्रिटिश आरमाराच्या ३५ टक्क्यांपर्यंत वाढवता येईल, पाणबुड्यांच्या बाबतीत त्याहूनही अधिक. नौदलाच्या दृष्टीने हा हिशेब समजण्यासारखा होता, कारण जपानचा विचार करता जर्मनीची मर्यादा कागदावर आलेली बरी होती. पण ज्या व्हर्सायच्या अटींच्या उल्लंघनाचा निषेध दोन महिन्यांपूर्वी केला, त्यांच्याच भंगावर फ्रान्सला विश्वासात न घेता सही केली गेली. पॅरिसला जो अर्थ घ्यायचा तो त्याने घेतला. पैसा नव्हता किंवा जहाजे नव्हती म्हणून ही चूक झाली असे म्हणता येणार नाही. मित्राला आधी विचारायला एक पौंडही लागत नव्हता.

त्याच वर्षाच्या उत्तरार्धात अ‍ॅबिसिनियाचे, म्हणजे आजच्या इथिओपियाचे, प्रकरण घडले. ‘पीस बॅलट’ नावाच्या मोठ्या लोकमत चाचणीचे निकाल जूनमध्ये आले होते. १ कोटी १० लाखांहून अधिक लोकांनी उत्तरे दिली होती आणि आक्रमकावर आर्थिक निर्बंध घालण्याला त्यांतल्या प्रचंड बहुसंख्येचा पाठिंबा होता. नवे परराष्ट्रमंत्री सॅम्युअल होर यांनी ११ सप्टेंबरला जिनिव्हात सामूहिक सुरक्षिततेच्या बाजूने ठाम भाषण केले, ३ ऑक्टोबरला इटलीने आक्रमण केले, १४ नोव्हेंबरला पंतप्रधान बाल्डविन यांच्या सरकारने राष्ट्रसंघाच्या पाठिंब्याची भाषा करत निवडणूक जिंकली, आणि ८ डिसेंबरला होर यांनी पॅरिसमध्ये फ्रान्सचे पंतप्रधान पिएर लाव्हाल यांच्यासोबत अ‍ॅबिसिनियाचा मोठा भूभाग इटलीला देण्याच्या योजनेवर मान डोलावली. योजना पॅरिसच्या वृत्तपत्रांत फुटली, ब्रिटनमध्ये संताप उसळला आणि १८ डिसेंबरला होर यांना राजीनामा द्यावा लागला. खनिज तेलाचा पुरवठा थांबवला गेला नाही, सुएझ कालवा बंद केला गेला नाही, आणि ५ मे १९३६ला इटालियन सैन्य आदिस अबाबात शिरले.

या प्रकरणाचा परिणाम मी म्युनिकइतकाच मोठा मानतो. इटलीला दुखवण्याएवढे निर्बंध घातले गेले, पण थांबवण्याएवढे घातले गेले नाहीत. त्यामुळे इटलीची मैत्री गेली, राष्ट्रसंघाचा वचक गेला, आणि ७ मार्च १९३६ला जर्मन सैन्य ऱ्हाईनलँडमध्ये, म्हणजे तहाने सैन्यमुक्त ठरवलेल्या जर्मनीच्या पश्चिम पट्ट्यात, शिरले तेव्हा लोकार्नोचे हमीदार असलेले ब्रिटन आणि इटली निर्बंधांमुळे एकमेकांच्या समोर उभे होते. दंड उगारून खाली घेणे हे मुळात दंड नसण्यापेक्षा वाईट असते. ऱ्हाईनलँडच्या वेळी मात्र मी ब्रिटिश सरकारला फार दोष देत नाही. जर्मनांच्या स्वतःच्या प्रदेशात जर्मन सैन्य गेल्याबद्दल लढायला ब्रिटनमध्ये जवळजवळ कोणीच तयार नव्हते, आणि फ्रान्सचे सेनानीही पुढाकार घ्यायला राजी नव्हते.

इथे मराठी वाचकासाठी एक विषयांतर करतो, कारण ते विषयाच्या गाभ्याशी जोडलेले आहे. या काळातले ब्रिटिश परराष्ट्रमंत्री आपल्याला दुसऱ्या कारणाने ओळखीचे आहेत. कर्झन आणि रीडिंग हे आधी व्हाइसरॉय होते. ‘सायमन परत जा’ या घोषणेतले सायमन तेच. होर हे भारतमंत्री म्हणून १९३५चा भारत सरकार कायदा संसदेतून पार पाडून थकलेल्या अवस्थेत परराष्ट्र खात्यात आले. आणि म्युनिकच्या वेळचे परराष्ट्रमंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स म्हणजे १९२६ ते १९३१ या काळातले व्हाइसरॉय आयर्विन. ५ मार्च १९३१चा गांधी-आयर्विन करार हे त्यांच्या कारकिर्दीतले सर्वांत मोठे राजनैतिक यश होते. कठोर वाटणाऱ्या प्रतिपक्षासमोर बसून शांतपणे बोलले की वाट निघते, हा त्यांचा विश्वास त्यातून पक्का झाला असावा असे माझे मत आहे. पण त्या सामोपचारामागे वटहुकूम होते, तुरुंग होते, मे १९३०मध्ये सोलापुरात पुकारलेला लष्करी कायदा होता आणि १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी दिलेले सोलापूरचे चार हुतात्मे होते. समोरचा पक्ष अहिंसेच्या मर्यादा स्वतःहून पाळणारा होता आणि दंड व्हाइसरॉयच्या हाती होता. नोव्हेंबर १९३७मध्ये हॅलिफॅक्स बर्चटेसगाडेनला हिटलरला भेटले तेव्हा हिटलरने त्यांना गांधींना गोळी घालण्याचा सल्ला दिला. आपल्यासमोर बसलेला माणूस कोणत्या जातीचा आहे हे कळण्यासाठी एवढे वाक्य पुरेसे होते. तरीही त्याच भेटीत हॅलिफॅक्स यांनी ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकिया आणि डान्झिग यांच्या बाबतीत शांततेच्या मार्गाने होणाऱ्या बदलांना ब्रिटनचा विरोध नसेल असे सुचवले.

१९३८कडे वळताना दोन वेगवेगळे प्रश्न वेगळे ठेवावे लागतात, आणि विद्यार्थी बहुधा इथेच गोंधळतात. लढाई एक वर्ष पुढे गेल्याने ब्रिटनचा फायदा झाला का, हा एक प्रश्न. चेंबरलेन यांनी त्या फायद्यासाठी म्युनिकला सही केली का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर अंशतः होय असे आहे. दुसऱ्याचे, माझ्या वाचनाप्रमाणे, नाही असे आहे.

पहिला प्रश्न घेऊ. सप्टेंबर १९३८मध्ये हरिकेन विमाने मोजक्याच तुकड्यांकडे पोहोचली होती, स्पिटफायर तर नुकतीच पहिल्या तुकडीकडे येऊ लागली होती, आणि रडार केंद्रांची साखळी टेम्स नदीच्या मुखापलीकडे फारशी गेली नव्हती. वर्षभरात ही साखळी पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर पसरली. हवाई हल्ल्याची भीती आज अतिशयोक्त वाटते, पण अधिकृत अंदाज ६० दिवसांत ६ लाख मृत्यूंचा होता, आणि त्या महिन्यात सुमारे ३ कोटी ८० लाख गॅसमुखवटे लोकांना वाटले गेले. संरक्षण समितीचे सचिव इस्मे यांनी २० सप्टेंबरच्या टिपणात स्पष्ट लिहिले होते की जर्मनीशी लढावेच लागणार असेल तर ६ ते १२ महिन्यांनी लढणे बरे. म्हणजे वेळेचा युक्तिवाद नंतर रचलेला नाही, तो त्या दिवसांतल्या कागदांत आहे.

पण ताळेबंदाची दुसरी बाजू कोणी मांडली? चेकोस्लोव्हाकियाकडे तीसहून अधिक डिव्हिजन (मोठे सैन्यविभाग), डोंगरातील भक्कम तटबंदी आणि श्कोडासारखा शस्त्रकारखाना होता. म्युनिकनंतर तटबंदी गेली आणि मार्च १९३९मध्ये उरलेले सगळे गेले. मे १९४०मध्ये फ्रान्सवर चालून गेलेल्या जर्मन रणगाड्यांत ३००हून अधिक रणगाडे चेक बनावटीचे होते. जर्मन हवाई दलाकडे १९३८मध्ये स्वतःच्या भूमीवरून उडून लंडनवर निर्णायक हल्ला करण्याची ताकदही नव्हती. मार्च १९३८मध्ये सेनाप्रमुखांनी असे मत दिले होते की जर्मनीला चेकोस्लोव्हाकिया व्यापण्यापासून कोणताही दबाव रोखू शकणार नाही. ते खरे असेल, पण ३० डिव्हिजनचा मित्र गमावल्यावर पुढच्या वर्षी फ्रान्सवर किती भार पडेल हा हिशेब त्या गंभीरतेने झालेला मला कुठे आढळला नाही. विमानांचा हिशेब आकड्यांत झाला आणि मित्राचा हिशेब अंदाजावर सोडला गेला, हा १९३८च्या धोरणातला सर्वांत मोठा दोष आहे असे मी मानतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी म्युनिकनंतरचे सहा महिने पाहावेत. वेळ विकत घेणारा माणूस त्या वेळेचा प्रत्येक दिवस वापरतो. ३ ऑक्टोबर १९३८च्या मंत्रिमंडळ बैठकीत चेंबरलेन यांनी शस्त्रसज्जता थांबवणे वेडेपणाचे ठरेल असे सांगितले, पण ती एकदम मोठ्या प्रमाणावर वाढवणे ही वेगळी गोष्ट आहे असेही बजावले. वेगळे पुरवठा मंत्रालय स्थापन करण्याची मागणी त्यांनी नोव्हेंबरमध्ये फेटाळली. युरोपच्या भूमीवर लढण्यासाठी मोठे सैन्य उभारायचे हे फेब्रुवारी १९३९पर्यंत ठरले नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ते पत्रकारांना परिस्थिती आशादायक असल्याचे सांगत होते, आणि १५ मार्चला जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले. दोन्ही देश पुन्हा एकमेकांशी लढणार नाहीत अशा आशयाचा, ३० सप्टेंबरला हिटलरची सही घेतलेला कागद त्यांनी मनापासून खरा मानला होता. त्यांना वेळ नको होता, शांतता हवी होती आणि ती मिळाली आहे असे त्यांना वाटले. ६९व्या वर्षी तीनदा जर्मनीला विमानाने जाणाऱ्या माणसाला मी भित्रा म्हणणार नाही. स्वतःच्या समजुतीविरुद्ध येणारी माहिती बाजूला सारण्याची त्यांची सवय मात्र देशाला फार महाग पडली. हिटलरविषयी सतत इशारे देणारे परराष्ट्र खात्याचे कायम सचिव व्हॅन्सिटार्ट यांना जानेवारी १९३८मध्ये मोठ्या नावाच्या पण अधिकार नसलेल्या पदावर बसवले गेले, फेब्रुवारीत परराष्ट्रमंत्री ईडन यांनी राजीनामा दिला, आणि होरेस विल्सन यांच्यासारखा परराष्ट्रव्यवहाराचा अनुभव नसलेला सल्लागार जवळ राहिला.

१९३९च्या उन्हाळ्याला मी सर्वांत कठोरपणे तपासतो. ३१ मार्चला पोलंडला हमी दिली गेली. ही हमी रशियाच्या साथीखेरीज प्रत्यक्षात बजावता येणार नव्हती, हे नकाशावर बोट ठेवणाऱ्या कोणालाही दिसत होते. सोव्हिएत परराष्ट्रमंत्री लिटव्हिनोव्ह यांनी एप्रिलच्या मध्यास ब्रिटन आणि फ्रान्सपुढे परस्पर मदतीच्या कराराचा प्रस्ताव ठेवला. लंडनचे उत्तर जायला तीन आठवडे लागले आणि तोवर, ३ मे रोजी, लिटव्हिनोव्ह यांच्या जागी मोलोटोव्ह आले होते. ऑगस्टमध्ये अ‍ॅडमिरल ड्रॅक्स यांच्या नेतृत्वाखालील लष्करी शिष्टमंडळ ‘सिटी ऑफ एक्सेटर’ या संथ जहाजाने निघाले, ११ तारखेला मॉस्कोला पोहोचले, आणि करारावर सही करण्याचे लेखी अधिकारपत्र ड्रॅक्स यांच्याकडे नव्हते. पोलंडमधून सोव्हिएत सैन्याला वाट मिळणार का, या सोव्हिएत संरक्षणमंत्री व्होरोशिलोव्ह यांच्या साध्या प्रश्नाला उत्तर नव्हते. २३ ऑगस्टला जर्मन परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप विमानाने मॉस्कोला आले आणि त्याच रात्री जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांच्यात अनाक्रमणाचा करार झाला.

पोलंडचा नकार खरा होता, स्टालिनवरचा अविश्वास सकारण होता, आणि जर्मनीने स्टालिनला देऊ केलेला भूभाग ब्रिटनला देता येण्यासारखा नव्हता. त्यामुळे अधिक घाई केली असती तर करार झालाच असता, असे मी म्हणत नाही. पण १९३१ किंवा १९३७मध्ये जी सबब खरी होती, पैसा नाही, माणसे नाहीत, जनमत नाही, ती १९३९च्या मे महिन्यात लागू नव्हती. संरक्षणासाठी कर्ज उभारण्याची मर्यादा ४० कोटी पौंडांवरून ८० कोटी झाली होती, सक्तीची सैन्यभरती एप्रिलमध्ये जाहीर झाली होती, आणि प्रागनंतर जनमतही बदलले होते. जूनमध्ये चीनमधील तिएनत्सिन येथे जपानने ब्रिटिश वस्तीची कोंडी केली, तो ताण खरा होता. पण त्यामुळे तर रशियाची गरज वाढत होती.

थोडक्यात माझी मांडणी अशी: १९३३पर्यंत ब्रिटनकडे साधने नव्हती आणि तो दोष १९१९पासूनच्या सर्वच पक्षांच्या सरकारांचा आहे, १९३५मध्ये साधनांपेक्षा सरळपणा कमी पडला, १९३८मध्ये सामोपचाराला आधार होता पण मित्राचे मोल मोजले गेले नाही, १९३९मध्ये समजूत बदलायला झालेला उशीर अक्षम्य होता. यांतला कोणता टप्पा तुमच्या लघुप्रबंधाचा केंद्रबिंदू असेल त्यावर तुमची बाजू ठरेल. केवळ चार महिने हाताशी असतील तर संपूर्ण धोरण न घेता एकच टप्पा घ्या.

कामाच्या पद्धतीविषयी विचारले आहे म्हणून शेवटी तेही सांगतो. १९६७च्या कायद्याने ब्रिटिश सरकारी कागद खुले होण्याची मुदत ५० वर्षांवरून ३० वर्षांवर आली आणि पुढच्या एक-दोन वर्षांत म्युनिकचे कागद अभ्यासकांच्या हाती पडले. त्याआधी लिहिलेले बरेचसे ग्रंथ आठवणी आणि भाषणे यांवर उभे आहेत, नंतरचे फायलींवर. तुम्हाला दिसलेल्या मतभेदाचे एक मोठे कारण हेच आहे, म्हणून प्रत्येक ग्रंथाचे प्रकाशनवर्ष टिपून ठेवा. मंत्रिमंडळाची इतिवृत्ते आता अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर घरबसल्या वाचता येतात. परराष्ट्र खात्याच्या फाईलमध्ये मुख्य पत्राइतकेच मुखपृष्ठावरचे शेरे महत्त्वाचे असतात. कनिष्ठ अधिकारी आधी शेरा लिहितो, मग फाईल वर चढत जाते आणि प्रत्येक जण आद्याक्षरे व तारीख घालतो. कोणता इशारा कोणत्या दिवशी कोणाच्या टेबलापर्यंत गेला आणि तिथे थांबला, हे त्यावरून कळते.

सुरुवात २५ सप्टेंबर १९३८च्या बैठकीच्या इतिवृत्तापासून करा. आदल्या रात्री परराष्ट्र खात्याचे नवे कायम सचिव कॅडोगन यांनी हॅलिफॅक्स यांना, हिटलरने गोडेसबर्गच्या भेटीत चेंबरलेन यांच्यापुढे ठेवलेल्या अटींविषयी खडसावून विचारले होते. रात्रभर विचार केल्यावर हॅलिफॅक्स यांनी मंत्रिमंडळासमोर आपले मत बदलल्याचे सांगितले: हिटलरने आपल्याला काहीही दिलेले नाही आणि न लढताच युद्ध जिंकल्यासारखा तो अटी लादत आहे. तीच माहिती आणि तीच तुटपुंजी विमाने समोर असताना एकाच मंत्रिमंडळातले दोघे, चेंबरलेन आणि हॅलिफॅक्स, त्या सकाळी वेगवेगळ्या निष्कर्षांवर पोहोचले होते. ते इतिवृत्त वाचून झाले की दोन्ही ग्रंथ पुन्हा उघडा आणि प्रत्येक लेखकाने त्या सकाळचे काय केले आहे ते पाहा.